मेघदूतातला ढग कॅनव्हासवर कसा उतरवायचा

कालिदासाच्या मेघदूतात प्रियेपासून दुरावलेला यक्ष ढगाकरवी तिला निरोप धाडतो. या काव्यावर चित्र काढायचं ठरलं की हात आपसूक एका ठरलेल्या चित्राकडे वळतो. खडकावर बसलेला यक्ष, पुढे केलेले हात, समोर गुबगुबीत ढग. तसं चित्र सुबक होईल, पण त्यात कालिदासाचा ढग सापडणार नाही. काव्याच्या पहिल्या भागात, पूर्वमेघाच्या पाचव्या श्लोकात, कवीच म्हणतो, 'धूमज्योतिःसलिलमरुतां सन्निपातः क्व मेघः'. धूर, उजेड, पाणी आणि वारा यांचा मेळ म्हणजे ढग. तो कुठे, आणि जाणत्या जिवानं पोचवायचे निरोप कुठे! चित्रकाराला याहून नेमकी कृती कोण देणार? या ढगाला बाह्यरेषा नाही. चार गोष्टी एकत्र आल्या की तो होतो. म्हणून कॅनव्हासवरही तो पेन्सिलीनं काढायचा नाही, त्याच चार गोष्टींनी घडू द्यायचा. खाली दिलेली पद्धत पूर्णपणे या एका ओळीवर उभी आहे.

चित्र ३० × ३० इंचाचं, ॲक्रिलिकमध्ये, अर्ध-अमूर्त. पाच-सहा बैठका लागतात, आणि त्यांच्या मध्ये वाळण्याचे दिवस धरले तर साधारण दोन आठवडे. वार्निश त्यानंतर.

आधी श्लोक

प्रसंग एकच घ्या, दुसऱ्या श्लोकातला:

तस्मिन्नद्रौ कतिचिदबलाविप्रयुक्तः स कामी
नीत्वा मासान् कनकवलयभ्रंशरिक्तप्रकोष्ठः।
आषाढस्य प्रथमदिवसे मेघमाश्लिष्टसानुं
वप्रक्रीडापरिणतगजप्रेक्षणीयं ददर्श॥

प्रियेपासून दुरावलेल्या यक्षानं त्या डोंगरावर काही महिने काढले. झुरून इतका वाळला की सोन्याचं कडं गळून मनगट रिकामं झालं. आणि आषाढाच्या पहिल्या दिवशी त्याला शिखराला बिलगलेला ढग दिसला, मातीच्या उंचवट्याला धडक देत खेळणाऱ्या हत्तीसारखा. मराठीत मेघदूताचे बरेच अनुवाद आहेत. त्यांपैकी दोन तरी शेजारी ठेवून हा श्लोक वाचा. एकात निसटलेली प्रतिमा दुसऱ्यात हाती लागते.

तीन शब्दांवर थांबायला हवं, कारण चित्राची रचना त्यांतच आहे.

'परिणत' या शब्दाचा अर्थ मल्लिनाथ या जुन्या टीकाकाराच्या टीकेत दिला आहे: दातांनी तिरकी धडक देणारा हत्ती. म्हणजे ढगाचं वजन सरळ खाली येत नाही, तिरकं येतं. बहुतेक चित्रांत ढग वर तरंगत राहतो आणि डोंगर खाली बसून राहतो, दोघांचा काही संबंधच नसतो. हा एक शब्द नीट कळला की चित्राचा मुख्य कर्ण, म्हणजे कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे जाणारी तिरकी दिशा, ठरतो.

'आश्लिष्टसानु' म्हणजे ज्यानं माथ्याला मिठी मारली आहे असा. मिठीत कोण कुठे संपतं ते कळत नाही. म्हणून ढग आणि डोंगर यांच्यामधली कड बरीचशी हरवलेली हवी.

'प्रथमदिवसे' याच्या जागी काही जुन्या टीकाकारांनी 'प्रशमदिवसे', म्हणजे आषाढाच्या अखेरच्या दिवशी, असा पाठ घेतला आहे. विद्वानांचा वाद त्यांच्यापाशी राहू दे, पण चित्रकाराला इथे निवड करावीच लागते. पहिल्या दिवसाचा ढग एकटा असतो, त्याच्या भोवती अजून कोरडं, मातकट आभाळ असतं. अखेरच्या दिवशी सगळंच करडं झालेलं असतं. आपण 'प्रथम' घेतो. कोरड्या गेरूसारख्या पार्श्वभूमीवर एकच ओला, जड ढग. यामुळे उष्ण आणि थंड रंगांची झुंज आयती मिळते.

आता कागदावर लिहून काढा: ढगाचं वजन, डोंगराचा माथा, रिकामं मनगट, गळलेलं कडं. या चित्रात एवढंच येईल. यक्षानं ढगाला वाहिलेली कुड्याची ताजी फुलं चौथ्या श्लोकात आहेत. तीही, हवी असतील तर, चार-पाच ठिपक्यांपुरती. पुढे काव्यात येणाऱ्या रेवा नदी, उज्जयिनी आणि अलका नगरी यांचा मोह आवरा. प्रत्येकीला स्वतंत्र कॅनव्हास लागतो.

ढग पाहून या

जूनच्या अखेरीस किंवा जुलैच्या सुरुवातीला दुपारी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर किंवा पर्वतीवर जा आणि सिंहगडाच्या दिशेला तोंड करून अर्धा तास थांबा. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे आणि सिंहगडाचा माथा १३०० मीटरच्या आसपास. पावसाळी ढग खाली उतरले की शहरावर ते बरेच वर असतात, पण गडाचा माथा त्यांच्यात बुडतो. हाच आश्लिष्टसानु, बसल्या जागी बघायला मिळणारा. गडावरचे मनोरे आधी जातात, मग माथा, मग डोंगराची उतरती सोंड. सह्याद्रीचे माथे सपाट असल्यामुळे ढग त्यांवर टेकल्यासारखा दिसतो. काव्यातला यक्षाचा डोंगर रामगिरी, म्हणजे विदर्भातलं रामटेक असं सर्वसाधारणपणे मानतात, आणि ती जागा इथून लांब आहे. चित्रात सिंहगड ओळखू यायला नको. ढग डोंगराला कसा भिडतो एवढंच तिथून उचलायचं.

तिथे फोटो काढण्यापेक्षा कोळशानं रेखाटनं करा. ७ सेंटिमीटरचे बारा चौकोन आधीच आखून न्या. प्रत्येकाला तीन मिनिटं. फक्त तीन छटा वापरायच्या: कागदाचा पांढरा, मधला करडा, पूर्ण काळा. झाडं, घरं, मनोरे काही नाही. बारांपैकी दहा फुकट जातील. उरलेल्या दोनांत वजन एका बाजूला झुकलेलं दिसलं की काम झालं.

मंदाक्रान्तेची आखणी

चौरस कॅनव्हास घेण्याचं कारण साधं आहे. आडवा घेतला की डोळा लगेच निसर्गचित्र शोधायला लागतो: क्षितिज, आकाश, जमीन. चौरसात ती सवय मोडते.

पण चौरसाचाही एक धोका आहे. सगळं मध्यावर गोळा होतं. त्यावर उपाय काव्यातच आहे. मेघदूत अथपासून इतिपर्यंत मंदाक्रान्ता वृत्तात आहे. प्रत्येक चरणात १७ अक्षरं, आणि यती, म्हणजे थांबे, यांनी त्यांचे ४, ६ आणि ७ असे तुकडे पडतात. पहिली चार अक्षरं गुरू, संथ आणि जड. मग पाच लघू आणि एक गुरू, म्हणजे धावत जाऊन थांबणं. मग सात, गुरू-लघू मिसळलेली, झोके घेत जाणारी. 'तस्मिन्नद्रौ / कतिचिदबला / विप्रयुक्तः स कामी' असं मोठ्यानं म्हणून बघा, लय लगेच अंगात येते.

३० इंच म्हणजे ७६.२ सेंटिमीटर. त्याचे १७ भाग केले तर एक भाग जेमतेम साडेचार सेंटिमीटरचा. डाव्या कडेपासून १८ सेंटिमीटरवर एक आणि ४५ सेंटिमीटरवर दुसरी अशा दोन उभ्या रेषा कोळशानं अगदी पुसट आखा. आता तीन पट्टे झाले.

डावा अरुंद पट्टा यक्षाचा. तो संथ, जवळजवळ रिकामा. मधला पट्टा हवेचा. ढग याच्यातून येतो, आणि चित्रातल्या लहान, झटपट खुणा इथेच राहतील. उजवा रुंद पट्टा डोंगराचा आणि मिठीचा. ढगाचं वजन वरच्या डाव्या बाजूकडून सुरू होऊन उजवीकडे खाली, डोंगराच्या खांद्यावर तिरकं आदळतं. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्यालाही डावीकडून उजवीकडे ही दिशा साजेशी आहे.

हे विभाजन म्हणजे कडक नियम नाही. रेषा पहिल्याच थरात बुजतील. पण त्यांच्यामुळे कुठलीच मोठी गोष्ट बरोबर मध्यावर येत नाही, आणि तेवढ्यासाठी दहा मिनिटं घालवणं फायद्याचं आहे.

सामान

कॅनव्हास सुती, जाड विणीचा, ३० × ३० इंच, लाकडी चौकटीवर ताणलेला. बोटानं टिचकी मारली तर डफासारखा आवाज यायला हवा. चौकटीच्या कोपऱ्यांत ठोकायच्या आठ पाचरी दुकानदाराकडून मागून घ्या. बरेचदा त्या दिल्या जात नाहीत, आणि पावसाळ्यात कापड सैल पडलं की त्यांच्याशिवाय मार्ग नाही.

रंग मोजके: अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट अंबर यांच्या प्रत्येकी १२० मिलीच्या ट्यूब, टायटॅनियम व्हाइट १२० मिली, यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना यांच्या लहान ट्यूब. काळा घेऊ नका. ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक छापलेला असतो: अल्ट्रामरीनवर पीबी २९, खऱ्या बर्न्ट अंबरवर पीबीआर ७. नावापुढे 'ह्यू' असेल तर तो दुसऱ्या रंगद्रव्यांतून जुळवलेला असतो, आणि मिश्रण केल्यावर वेगळा वागू शकतो. या चित्रात सगळे गडद रंग दोनच ट्यूबमधून येणार आहेत, त्यामुळे इथे काटकसर नको.

शिवाय जेसो (रंगाआधी कॅनव्हासवर द्यायचा पांढरा लेप) २५० मिली, मॅट मीडियम (रंगात मिसळायचा बिनचकाकीचा पारदर्शक चिकट घटक) २५० मिली, थोडं चकाकीचं ग्लॉस मीडियम, विलो चारकोलच्या जाड कांड्या, २ इंची आणि १ इंची चपटे ब्रश, एक २ इंची राठ केसांचा ब्रश, पाण्याचा फवारा, सुती फडकी, २२० आणि ३२० नंबरचा पॉलिश पेपर. रंग, कॅनव्हास वगैरे पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास मिळतं. लांबी लावायची ६ इंची पत्र्याची पट्टी मात्र बोहरी आळीतून हार्डवेअरच्या दुकानातून घ्या. चित्रकलेच्या नाइफपेक्षा स्वस्त पडते आणि या कामाला जास्त चांगली. तिचे दोन्ही कोपरे पॉलिश पेपरवर घासून गोल करा, नाहीतर कापडाला चीर जाईल.

जमीन

जेसोचे तीन हात. या मापाला एका हाताला ७० ते ८० मिली पुरतो. त्यात दहावा हिस्सा पाणी. पहिला हात आडवा, दुसरा उभा, तिसरा पुन्हा आडवा. प्रत्येक हात वाळला की २२० नं हलकेच घासा. एप्रिल-मेमध्ये तासाभरात पुढचा हात देता येतो, जुलैत चार-पाच तास थांबा.

मग कोरड्या आभाळाचा रंग: यलो ऑकर तीन भाग, बर्न्ट सिएना एक भाग, मॅट मीडियम एक भाग आणि फडक्यानं सहज पसरेल इतकं पाणी. संपूर्ण कॅनव्हासवर फासा आणि लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्यानं पुसून काढा. उन्हाळ्याच्या शेवटी टेकडीवरचं वाळलेलं गवत जसं दिसतं, तेवढा फिका रंग मागे राहू दे. हा सगळ्यात खालचा थर म्हणजे चित्राची जमीन. ही जमीन चित्राच्या शेवटी वीज आणि सोनं होणार आहे. म्हणून ती एकसारखी, स्वच्छ असावी.

धूम

चारकोलची कांडी आडवी धरून, तिच्या पूर्ण लांबीनं ढगाचं वस्तुमान घाला. कॅनव्हासचा निम्मा भाग तरी व्यापला पाहिजे. रेषा मारायच्या नाहीत. तळहातानं घासा, पुन्हा घाला, पुन्हा घासा. डोंगराचा खांदाही याच पद्धतीनं, उजवीकडे खाली. यक्षाचा पट्टा सोडून द्या.

आता एक भाग मॅट मीडियम आणि दोन भाग पाणी असं द्रावण २ इंची मऊ ब्रशनं वरून फिरवा. भुकटी ओली होऊन धुरकट वॉश तयार होतो आणि वाळल्यावर जागीच बसते. एकाच जागी ब्रश पुन्हा पुन्हा फिरवलात तर सगळी काजळी ब्रशवर येईल. दोन-तीन तासांनी पांढरा कागद घासून बघा. कागद काळा झाला तर द्रावणाचा आणखी एक हात द्या. बहुतेकांचं चित्र बिघडतं ते नेमकं इथे. सुटी काजळी राहिली आणि वरून अल्ट्रामरीन दिला की निळ्याचा जीव जातो, सगळं राखेसारखं होतं, आणि मग कितीही निळा घातला तरी तो परत उठत नाही.

सलिल

पाण्याच्या थरासाठी कॅनव्हास जमिनीवर आडवा लागतो. त्याच्या चार कोपऱ्यांखाली विटा ठेवा आणि मागच्या बाजूनं, चौकटीच्या आत मावेल असा थर्माकोलचा तुकडा कापडाला टेकेल एवढ्या उंचीवर बसवा. आधार दिला नाही तर ओल्या रंगाच्या वजनानं कापड मधोमध झोळ धरतं, सगळं पाणी तिथे साचतं आणि वाळल्यावर ताटाएवढं वर्तुळ उमटतं.

गडद रंग असा करा: अल्ट्रामरीन तीन भाग, बर्न्ट अंबर दोन भाग. हा ट्यूबमधल्या काळ्यापेक्षा खोल दिसतो, आणि अंबर वाढवला की मातीकडे, निळा वाढवला की पावसाकडे झुकतो. कंपनीप्रमाणे रंगाचा जोर बदलतो, म्हणून जेसो लावलेल्या कागदाच्या पट्टीवर आधी चार-पाच मिश्रणं लावून पूर्ण वाळवून बघा. ओल्या ॲक्रिलिकमधला चिकट घटक दुधाळ असतो आणि वाळल्यावर पारदर्शक होतो, त्यामुळे प्रत्येक रंग वाळल्यावर थोडा गडद होतो. ढगाचं पोट ओलं असताना 'बरोबर' वाटलं तर वाळल्यावर ते जास्त काळं होणार.

३० मिली रंग, १५ मिली पाणी, १५ मिली मॅट मीडियम असं साठ मिली मिश्रण वाटीत घ्या. नुसत्या पाण्यानं खूप पातळ केलं तर रंगाला धरून ठेवणारा घटक कमी पडतो आणि पुढच्या थराच्या ब्रशबरोबर रंग निघून येतो. पातळपणा हवाच असेल तर मीडियम वाढवा.

ढगाच्या जागेवर फवारा मारा, पण काठ कोरडे ठेवा. वरच्या डाव्या बाजूनं मिश्रण ओता आणि कॅनव्हास उचलून उजवीकडे खाली तिरका करा. रंग कर्णानं धावेल. डोंगराच्या खांद्यापाशी पोचला की उलट बाजूनं सपाट करा. ओलं कापड असेल तिथे कड विरघळते, कोरडं असेल तिथे कड तुटक राहते, दोन्ही हवेत. रंगाची चकाकी जाऊन तो नुसता ओलसर दिसायला लागला की ब्रशनं स्वच्छ पाण्याचे पाच-सहा थेंब टाका. रंग बाजूला सरून फुलासारखे डाग पडतात. पाऊस पोटात धरलेल्या ढगाला असेच फिकट पोकळ भाग असतात.

मग हात लावू नका. रात्रभर आडवंच राहू दे, पावसाळ्यात पूर्ण एक दिवस. घाईनं गरम हेअर ड्रायर लावला तर वर साय धरते, आत ओलं राहतं आणि साचलेल्या जागी सुरकुत्या किंवा भेगा पडतात. मे महिन्यात अडचण उलटी असते: रंग धावायच्या आतच सुकतो. तेव्हा सकाळी लवकर काम करा, पंखा बंद ठेवा, फवारा हाताशी ठेवा.

मरुत्

आता कॅनव्हास उभा. अल्ट्रामरीन, थोडा अंबर आणि टायटॅनियम व्हाइट यांचा मधल्या छटेचा करडा, पाणी न घालता, लोण्याइतका घट्ट. पत्र्याच्या पट्टीच्या धारेवर तो पातळ पसरून घ्या आणि कॅनव्हासवर ओढा. दिशा एकच, कर्णाची. वाऱ्याच्या थरात एकही फटकारा उलटा गेला तर सगळी गती थांबते.

किती फटकारे? सतरा. पहिले चार रुंद आणि संथ, पूर्ण पट्टीचे, ढगाच्या पाठीवर. मग मधल्या हवेच्या पट्ट्यात पाच आखूड, पट्टीच्या कोपऱ्यानं, आणि एक लांब. शेवटचे सात डोंगराच्या बाजूला, लांब-आखूड मिसळून, राठ कोरड्या ब्रशनं. मनातल्या मनात चरण म्हणत मारले तर उत्तमच. सतरा झाले की पट्टी खाली ठेवा. मोजणीचा खरा उपयोग हाच आहे की वेळेवर थांबता येतं. वारा आवडायला लागला की माणूस ओढतच राहतो आणि धूर, पाणी सगळं त्याखाली गाडलं जातं.

मिठीची कड

चित्राचा प्राण इथे आहे, त्यामुळे वेळ द्या. ढग आणि डोंगर भिडतात ती रेषा साधारण ४० सेंटिमीटरची होईल. तिचे तीन भाग समजा. दोन भाग हरवलेले, एक भाग ठाम.

डोंगरासाठी बर्न्ट अंबर तीन भाग, बर्न्ट सिएना एक भाग, चिमूटभर अल्ट्रामरीन. एका वेळी हाताच्या वितीएवढाच तुकडा घ्या. त्या तुकड्यावर हलका फवारा मारा, १ इंची ब्रशनं डोंगराचा रंग खालून वर आणून कडेपाशी थांबवा. लगेच, तो ओला असताना, धुऊन पिळलेल्या दुसऱ्या चपट्या ब्रशनं कडेवरून वर ढगात दोन फटकारे. ब्रश पुसा. आणखी एक फटकारा. मग फडक्याचा बोळा करून फक्त टेका, घासू नका; दाबून उचलला की रंग अर्धवट निघतो आणि खालचा धूर दिसतो. उन्हाळ्यात या सगळ्याला दोन-तीन मिनिटंच मिळतात, म्हणून दोन्ही ब्रश आणि फडकं आधीच डाव्या हातात तयार हवं.

ठाम भाग कुठे ठेवायचा? जिथे हत्तीचं डोकं आदळेल तिथे, म्हणजे कर्ण डोंगराला मिळतो त्या जागी. तिथे कड पूर्ण वाळू द्या आणि वरून ढगाचा सगळ्यात गडद रंग पट्टीनं कापल्यासारखा आणून भिडवा. १०-१२ सेंटिमीटर पुरे. हरवलेल्या कडेमुळे मिठी दिसते, ठाम कडेमुळे धडक.

हत्ती काढू नका. सोंड नाही, कान नाही, दात तर नाहीच. पाठीची एक मोठी कमान आणि पुढे झुकलेलं वजन एवढ्यावर थांबलात तर तो आहे.

ज्योति

काव्याच्या शेवटी यक्ष ढगाला आशीर्वाद देतो की तुझा विजेपासून क्षणभरही वियोग न होवो. म्हणजे वीज ढगाच्या शेजारी नाही, त्याच्या आत राहते. वाकडीतिकडी पांढरी रेघ मारणं म्हणूनच चुकीचं आहे.

३२० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात बुडवा आणि ढगाच्या पोटात, ठाम कडेच्या थोडं वर, तळहाताएवढ्या जागेत हलक्या हातानं घासा. करडा झिजून खालची गेरूची जमीन तुकड्या-तुकड्यांनी वर येईल. कापडाची वीण दिसायला लागली की थांबा. घासलेली भुकटी ओल्या फडक्यानं टिपून घ्या. वाळल्यावर यलो ऑकर एक भाग आणि ग्लॉस मीडियम दहा भाग असा पारदर्शक थर त्या जागेवर द्या. हवा तर दुसऱ्या दिवशी अजून एक. शेवटी टायटॅनियम व्हाइटमध्ये ऑकरचा थेंब घालून पाच रुपयांच्या नाण्याएवढा एकच उजळ डाग. त्याच्या अगदी लगत चित्रातला सर्वांत गडद रंग असला पाहिजे. नुसता पांढरा वाढवत गेल्यानं उजेड वाढत नाही. शेजारचा अंधार वाढवला की वाढतो.

यक्ष

डाव्या पट्ट्यात आतापर्यंत नुसती गेरूची जमीन आहे. बरंचसं तसंच ठेवा. टायटॅनियम व्हाइट एक भाग मॅट मीडियमच्या पाच भागांत मिसळून, २ इंची ब्रशनं वरून खाली एकच उभा, पातळ पडदा ओढा, मध्ये एका जागी ब्रश उचलून दोन बोटांची फट सोडून. ते रिकामं मनगट. चेहरा, केस, उपरणं असलं काही लागत नाही.

कडं त्या उभ्या पडद्याच्या पायथ्याशी नको, पाच-सहा सेंटिमीटर उजवीकडे, खालच्या काठाजवळ. अंतरामुळेच ते गळलेलं वाटतं. यलो ऑकर, थोडा सिएना आणि पांढरा, १ सेंटिमीटरच्या चपट्या ब्रशनं एका दमात, सहा सेंटिमीटर रुंदीचा लंबगोल, न मिटलेला. जमलं नाही तर ओल्या फडक्यानं लगेच पुसा आणि पुन्हा करा. डागडुजी केलेलं कडं लगेच ओळखू येतं. सोनेरी मेटॅलिक रंग इथे मोहात पाडतो, पण तो एका कोनातून चमकतो आणि बाकी सगळीकडून तपकिरी दिसतो, आणि विजेशी त्याचं नातं तुटतं. वीज आणि कडं एकाच ऑकरमधून आले पाहिजेत. चित्रात दूर गेलेल्या दोन गोष्टी तेवढ्यानं जोडल्या जातात.

कुड्याची फुलं घालायचीच असतील तर मधल्या पट्ट्याच्या तळाशी, पाचाहून जास्त नाही, मलईसारखा पांढरा ठिपका, दाबून ओढलेला. पाकळ्या मोजू नका.

तपासणी

चित्र उलटं टांगा. वजन कुठेतरी घसरून बाहेर पडतंय असं वाटलं तर डाव्या पट्ट्याचा पडदा किंचित दाट करा. मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. तीन छटा वेगळ्या दिसल्या पाहिजेत, आणि सर्वांत उजळ जागा एकच. मग दहा फुटांवर उभं राहून, श्लोक न सांगता, घरातल्या कुणाला विचारा काय दिसतंय. 'ढग' हे उत्तर आलं तर डोंगराच्या बाजूचं वजन कमी पडलंय. 'हत्ती' आलं तर जास्त काढलंत. कमानीची कड दोन-तीन ठिकाणी पातळ करड्यानं बुजवा. 'काहीतरी जड येऊन टेकलंय' असं कुणी म्हटलं तर चित्र झालं.

ढग कापसासारखा दिसत असेल तर कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: कडांवर पांढरा लावून गोलाई आणलेली असते. तिथे ढगाचाच करडा पातळ करून फिरवा.

वार्निश आणि नंतर

किमान तीन आठवडे थांबा, पावसाळ्यात महिनाभर. रिमझिम चालू असताना वार्निश करू नका. दमट हवेत वार्निशवर पांढुरकी झाक बसते, आणि इतक्या गडद चित्रावर ती लपत नाही. हिवाळ्यातल्या पहाटेही टाळा, पुण्यात पारा दहाच्या खाली जातो तेव्हा ॲक्रिलिकचा थर नीट जुळत नाही. आधी पातळ केलेल्या ग्लॉस मीडियमचा एक हात, तो एक दिवस वाळला की मॅट वार्निशचे दोन पातळ हात, चित्र आडवं ठेवून, खिडक्या उघड्या पण पंखा बंद. चकचकीत वार्निश इथे शोभत नाही. ढगात खोलीतली ट्यूबलाइट दिसायला लागते.

ओलसर भिंतीवर टांगताना मागे बुचाचे चार तुकडे चिकटवा, हवा खेळती राहिली की बुरशी धरत नाही. कापड सैल पडलं तर मागच्या पाचरी हातोडीच्या टोकानं, आळीपाळीनं, एकेक हलका ठोका. न्यायचं असेल तर बबल रॅप थेट चित्रावर गुंडाळू नका. उन्हात तापलेल्या गाडीत ॲक्रिलिक मऊ होतं आणि त्यावर फुगे कायमचे उमटतात. आधी बटर पेपर, मग बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. श्लोक, वर्ष आणि वापरलेल्या रंगांची नावं मागच्या लाकडी पट्टीवर पेन्सिलीनं लिहा. कापडाच्या पाठीवर बॉलपेनचा दाब पुढून उठून दिसतो.